व्यक्तिमत्त्वाचे माप आणि मापातील चूक

एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष

बारावीत असताना एका मार्गदर्शन शिबिरात मला एक छापील कागद मिळाला. त्यावर माझे नाव होते, नावाखाली पाच गुणांची यादी होती आणि प्रत्येक गुणापुढे एक आकडा होता. 'बहिर्मुखता' या शब्दापुढे ३८ आणि त्याच्या पुढे 'कमी' असे छापलेले होते. सर्वांत शेवटी एक वाक्य होते. लोकांशी सतत संबंध येणारे व्यवसाय, उदाहरणार्थ अध्यापन, या व्यक्तीला फारसे मानवणार नाहीत, असा त्याचा आशय होता.

मला शिक्षिका व्हायचे आहे हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक होते. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी तो कागद माझ्याकडून दोनदा वाचवून घेतला, त्याची नीट घडी केली आणि ज्या पत्र्याच्या पेटीत सातबाराचा उतारा व सोसायटीच्या पावत्या असतात, त्या पेटीत ठेवून दिला. कागद छापील आहे, त्यावर आकडा आहे, म्हणजे तो खराच असणार, असे आमच्याकडे समजतात. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा हे समजणे चूक आहे असे सांगणारे घरात कोणी नव्हते. मीही ते खरे मानले, आणि त्यानंतर कितीतरी दिवस शिक्षिका होण्याचे नाव काढले नाही.

यंदा मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकात आम्ही व्यक्तिमत्त्वाची एक प्रश्नावली भरली. चार आठवड्यांनी सरांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरायला लावली. पहिल्या वेळी माझी बहिर्मुखता ४१ आली, दुसऱ्या वेळी ४७. या प्रश्नावलीत ४५ च्या खाली 'कमी' आणि ४५ ते ५५ 'मध्यम' असे धरतात. म्हणजे चार आठवड्यांत मी 'कमी'ची 'मध्यम' झाले! वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकाचा आकडा थोडाफार हलला होता. आम्ही हसलो. सर मात्र म्हणाले, "हसू नका. आजचा धडा हाच आहे." तो धडा मला जसा समजला तसा सांगण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

मोंढ्यातला काटा

आपल्या भागात हळदीचे पीक मोठे. शिरड शहापूरचे बहुतेक शेतकरी हळद वसमतच्या मोंढ्यात नेतात. लहानपणी मी बाबांबरोबर एकदोनदा गेले आहे. मापाडी पोते काट्यावर ठेवतो, आकडा सांगतो आणि तो पट्टीवर लिहिला जातो. आता समजा, तेच पोते उतरवून पुन्हा काट्यावर ठेवले, तर आकडा तंतोतंत तोच येईल का? पोते थोडे कडेला बसले, वारा आला, कोणाचा पाय टेकला, तर शेपन्नास ग्रॅमचा फरक पडणारच. दहा वेळा वजन केले तर दहा आकडे येतील. ते एकमेकांच्या जवळ असतील, पण सगळेच सारखे नसतील.

यावरून एक साधे सूत्र निघते. दिसणारे माप म्हणजे खरे माप अधिक चूक. ही चूक कधी अधिक असते, कधी उणे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ साली हा विचार मानसिक मापनाला लावला. माणसाच्या प्रत्येक गुणांकात खऱ्या भागाबरोबर चुकीचाही भाग मिसळलेला असतो आणि तो किती आहे हे गणिताने काढता येते, हे त्यांनी दाखवले. एखाद्या गटाच्या गुणांकांत जो एकंदर फरक दिसतो, त्यातला किती हिस्सा खऱ्या फरकाचा आहे, या प्रमाणाला विश्वसनीयता म्हणतात. ती शून्यापासून एकपर्यंत असते. विश्वसनीयता ०.९० म्हणजे दिसणाऱ्या फरकाच्या शंभर हिश्शांपैकी नव्वद खरे आणि दहा चुकीचे.

व्यक्तिमत्त्वाच्या प्रश्नावल्या या सूत्रानंतर आल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सैनिकांसाठी रॉबर्ट वुडवर्थ यांनी ११६ 'हो-नाही' प्रश्नांची एक यादी तयार केली. व्यक्तिमत्त्व मोजणारी ती आद्य प्रश्नावली समजली जाते. आपल्या देशात १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. पुढे शंभर वर्षांत अशा प्रश्नावल्या दवाखान्यांपासून कारखान्यांच्या नोकरभरतीपर्यंत सर्वत्र पोचल्या. आपल्या राज्यात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणीही घेतली गेली. कल आणि व्यक्तिमत्त्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण मापनाचा प्रश्न दोन्हीकडे एकच. मोबाइलवर तर आता रोज नवी प्रश्नावली येते आणि पाच मिनिटांत आपण कोण आहोत हे सांगून मोकळी होते.

माणूस दोनदा कसा तोलायचा?

पोते दहा वेळा तोलता येते, कारण पोत्याला आठवण नसते. माणसाला असते. एकच प्रश्नावली दुसऱ्या दिवशी दिली, तर तो आदली उत्तरे आठवून तीच पुन्हा लिहील आणि चूक प्रत्यक्षाहून कमी दिसेल. दोन वर्षांनी दिली, तर मधल्या काळात माणूस खरोखरच बदललेला असेल. म्हणून पुनर्चाचणीसाठी बेताचे अंतर ठेवतात. आमच्या प्रात्यक्षिकात ते चार आठवड्यांचे होते.

दुसरा मार्ग एकाच वेळी भरलेल्या प्रश्नावलीतून विश्वसनीयता काढण्याचा. हा समजण्यासाठी पुन्हा हळदीकडेच जाऊ. पोत्यातला माल कसा आहे हे पाहायला व्यापारी सगळे पोते ओतत नाही. तो वरून, मधून, तळातून काही हळकुंडे काढतो आणि मोडून आतला रंग पाहतो. सगळी हळकुंडे एकाच रंगाची निघाली, तर पोत्याबद्दल भरवशाने बोलता येते. एक पिवळेधमक आणि दुसरे फिके निघाले, तर आणखी हळकुंडे मोडावी लागतात. प्रश्नावलीतले प्रश्न ही अशीच हळकुंडे होत. बहिर्मुखतेवर हजारो प्रश्न विचारता आले असते, त्यांपैकी मोजके विचारले एवढेच.

म्हणून प्रश्नावलीचे दोन भाग करून, सम क्रमांकाचे प्रश्न एकीकडे आणि विषम क्रमांकाचे दुसरीकडे घेऊन, दोन्ही भागांचे गुणांक एकमेकांशी जुळतात का ते पाहतात. या अर्धविच्छेद पद्धतीसाठी लागणारे सूत्र स्पिअरमन आणि विल्यम ब्राउन यांनी १९१० साली स्वतंत्रपणे दिले. पण दोन भाग अनेक प्रकारे पाडता येतात आणि दर वेळी उत्तर थोडे वेगळे येते. ही अडचण १९३७ साली क्यूडर आणि रिचर्डसन यांनी 'बरोबर-चूक' स्वरूपाच्या प्रश्नांपुरती सोडवली. १९५१ साली ली क्रॉनबॅक यांनी सर्व प्रकारच्या प्रश्नांना चालेल असा 'अल्फा' गुणांक मांडला. आज कोणत्याही प्रश्नावलीच्या पुस्तिकेत विश्वसनीयतेचा जो आकडा दिसतो, तो बहुधा हा अल्फाच असतो.

अल्फात एक उणीव आहे आणि ती माझ्या स्वतःच्या अनुभवावरून मला पटली. अल्फासाठी सगळी उत्तरे एकाच बैठकीत घेतलेली असतात. पावसात भिजलेल्या पोत्यातून कितीही हळकुंडे काढली, तरी ती सगळी ओलीच निघणार आणि ती एकमेकांशी जुळणारच. शिबिराच्या दिवशी माझे असेच झाले होते. हळद शिजवण्याचे दिवस होते आणि आदल्या रात्री आमच्या घरात कोणीच झोपले नव्हते. लोकांच्या घोळक्यात उत्साह वाटतो का, नवीन ओळखी कराव्याशा वाटतात का, अशा सगळ्याच प्रश्नांना मी पेंगुळलेल्या डोळ्यांनी 'नाही' लिहिले. उत्तरे एकमेकांशी छान जुळत होती. पण ती माझी होती की जागरणाची? अशी त्या दिवसापुरती आलेली चूक अल्फा पकडत नाही, पुनर्चाचणीच पकडते.

प्रश्न किती असावेत?

एक हळकुंड मोडण्यापेक्षा दहा मोडणे बरे, हे सांगायला गणित लागत नाही. स्पिअरमन-ब्राउन सूत्र तेच आकड्यांत सांगते. एखाद्या प्रश्नावलीची विश्वसनीयता ०.६० असेल आणि तिच्यात तशाच प्रकारचे प्रश्न घालून लांबी दुप्पट केली, तर विश्वसनीयता ०.७५ होते. तिप्पट केली, तर ०.८२ च्या आसपास जाते. प्रश्न वाढतात तसा फायदा होतो, पण प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडा कमी.

याचे खरे उदाहरण पाहू. पॉल कोस्टा आणि रॉबर्ट मॅक्रे या अमेरिकन संशोधकांची 'निओ-पी-आय-आर' ही प्रश्नावली १९९२ साली निघाली. ती व्यक्तिमत्त्वाचे पाच मोठे घटक मोजते. भावनिक अस्थिरता, बहिर्मुखता, नवीन अनुभवांविषयी खुलेपणा, सौजन्य आणि कर्तव्यदक्षता, हे ते पाच. एकूण २४० विधाने आहेत, म्हणजे प्रत्येक घटकाला ४८. प्रत्येक घटकाचे पुन्हा सहा पोटविभाग आहेत आणि प्रत्येक पोटविभागाला ८ विधाने. मूळ इंग्रजी प्रश्नावलीत पाच मोठ्या घटकांची विश्वसनीयता ०.८६ ते ०.९२ आढळली. आठ विधानांच्या पोटविभागांची मात्र ०.५६ ते ०.८१. प्रश्नावली तीच, माणसे तीच, पण ४८ प्रश्नांवर जेवढा भरवसा ठेवता येतो तेवढा ८ प्रश्नांवर ठेवता येत नाही.

मग छोट्या प्रश्नावल्या टाकाऊच का? तसेही नाही. २००३ साली गॉसलिंग, रेंटफ्रो आणि स्वान यांनी केवळ दहा विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली, प्रत्येक घटकाला फक्त दोन. तिचे अल्फा ०.४० ते ०.७३ एवढेच होते. पण सुमारे सहा आठवड्यांनी तीच पुन्हा भरून घेतली, तेव्हा दोन वेळच्या गुणांकांतील सरासरी सहसंबंध ०.७२ आला. कारण असे की, त्यांनी एकाच अर्थाची दोन विधाने न घेता गुणाच्या दोन वेगळ्या बाजू घेतल्या होत्या. उलट 'मला गर्दी आवडते', 'मला घोळका आवडतो', 'मला जमाव आवडतो' असे तेच ते विचारत राहिले, तर अल्फा फुगतो, पण माणसाबद्दल नवे काहीच कळत नाही. तात्पर्य, विश्वसनीयतेचा आकडा पाहताना तो कोणत्या पद्धतीने काढला, हेही पाहावे लागते. ही दहा विधाने तिच्या कर्त्यांनी वेळ फार कमी असेल तेव्हाच्या संशोधनासाठी सुचवली होती. एखाद्या मुलीचा पुढचा मार्ग ठरवण्यासाठी नव्हे.

४१ आणि ४७ यांत फरक किती?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. विश्वसनीयता हा गटाचा आकडा झाला. एकट्या माणसाच्या गुणांकात किती चूक असू शकते? त्यासाठी मापनाची प्रमाण त्रुटी काढतात. तिचे सूत्र असे :

प्रमाण त्रुटी = प्रमाण विचलन × √(१ − विश्वसनीयता)

अशा प्रश्नावल्यांचे गुणांक बहुधा सरासरी ५० आणि प्रमाण विचलन १० येईल अशा रीतीने मांडलेले असतात. विश्वसनीयता ०.९० धरली, तर १ मधून ०.९० वजा जाऊन ०.१० उरतात, त्याचे वर्गमूळ सुमारे ०.३२ आणि दहाने गुणून ३.२. ही झाली प्रमाण त्रुटी. शंभरातल्या पंच्याण्णव वेळा चूक हिच्या सुमारे दुपटीच्या आत राहते. म्हणजे माझ्या ४१ या गुणांकाचा अर्थ '४१' असा नसून 'साधारण ३५ ते ४७ च्या दरम्यान' असा आहे. आणि ४७ चा अर्थ 'साधारण ४१ ते ५३'. हे दोन पट्टे ४१ ते ४७ या भागात एकमेकांवर बसतात.

दोन गुणांकांची तुलना करायची, तर दोघांतील चूक एकत्र धरावी लागते. या विश्वसनीयतेला दोन गुणांकांत जवळजवळ ९ चा फरक असल्याखेरीज तो खरा मानता येत नाही. माझा फरक ६ होता. म्हणजे चार आठवड्यांत मी बदलले असे म्हणायला काहीच आधार नाही. बदलला तो काट्याचा आकडा. पोते तेच होते.

आता शिबिरातल्या कागदाचा विचार करू. तिथे प्रत्येक गुणाला दहाच प्रश्न होते आणि विश्वसनीयता कागदावर कुठेही छापलेली नव्हती. ती ०.६० होती असे समजा. मग प्रमाण त्रुटी ६.३ आणि ३८ चा अर्थ 'साधारण २६ ते ५०'. हा पट्टा एवढा रुंद आहे की त्यात 'अगदी कमी'पासून 'चारचौघांसारखी'पर्यंत सगळे काही बसते. त्या कागदाने खरे पाहता मला काहीच सांगितले नव्हते. पण सांगितल्याचा आव आणला होता, कारण आकड्याच्या पुढे चुकीचा पट्टा छापलेला नव्हता.

'कमी', 'मध्यम', 'जास्त' अशा पाट्या लावल्या की हा घोटाळा वाढतो. समजा ५० ही सीमा आहे. तिच्या वर 'बहिर्मुख' आणि खाली 'अंतर्मुख'. एखाद्याचा खरा गुणांक ५२ आहे. विश्वसनीयता ०.९० इतकी चांगली असली, तरी चार वेळांतून साधारण एकदा त्याचा गुणांक ५० च्या खाली येईल आणि त्याला 'अंतर्मुख' ही पाटी मिळेल. विश्वसनीयता ०.६० असेल, तर हे आठांतून तीन वेळा घडेल. बहुतेक माणसे सीमेच्या आसपासच असतात, म्हणून चुकीच्या पाट्याही तिथेच जास्त लागतात. हे चांगल्या पाट्यांनाही लागू आहे. वर्गातल्या एकाला मोबाइलवरच्या प्रश्नावलीने 'जन्मजात नेता' ठरवले आणि तो आठवडाभर त्याच तोऱ्यात होता. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे म्हणतात ते हेच.

पुस्तिकेतला आकडा आपलाच असतो का?

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. 'या प्रश्नावलीची विश्वसनीयता ०.९० आहे' असे आपण म्हणतो, पण विश्वसनीयता ही प्रश्नावलीच्या अंगी कायमची चिकटलेली नसते. ती कोणत्या गटावर काढली यावर अवलंबून असते. वर घेतलेल्या उदाहरणात प्रमाण विचलन १० होते, म्हणजे एकंदर विचरण १००. त्यातले चुकीचे विचरण १०. आता हीच प्रश्नावली अशा गटाला दिली की ज्यातली माणसे एकमेकांसारखी आहेत, एका वयाची, एका भागातली, एकाच शाखेची, आणि त्यांचे प्रमाण विचलन फक्त ५ आले. एकंदर विचरण झाले २५. चूक मात्र तितकीच, १०. मग खरा भाग उरतो १५, आणि विश्वसनीयता २५ पैकी १५, म्हणजे ०.६०. प्रश्नावलीत एक अक्षर न बदलता ०.९० चे ०.६० झाले. म्हणून मोठ्या शहरातल्या नाना प्रकारच्या लोकांवर काढलेला आकडा आपल्या वर्गावर जसाच्या तसा चिकटवता येत नाही.

दुसरा प्रश्न भाषेचा. या प्रश्नावल्या मुळात इंग्रजीत घडल्या. मराठीसाठी पुणे विद्यापीठातील पी. एच. लोधी, सविता देव आणि विवेक बेल्हेकर यांनी 'निओ-पी-आय-आर'वर काम केले. मॅक्रे आणि अलिक यांनी संपादित केलेल्या, निरनिराळ्या संस्कृतींतील पंचघटक सिद्धांतावरच्या २००२ सालच्या ग्रंथात त्यांचा लेख आहे. हे काम महत्त्वाचे अशासाठी की, नुसते भाषांतर करून भागत नाही. भाषांतर झाल्यावर तेच पाच घटक मराठी माणसांच्या उत्तरांतून पुन्हा दिसतात का, हे नव्याने पडताळावे लागते.

भाषेमुळे चूक कशी शिरते, याचा मासला आम्हाला प्रात्यक्षिकातच मिळाला. 'मला अनोळखी लोकांशी बोलायला आवडत नाही' असे विधान होते आणि 'हो' किंवा 'नाही' लिहायचे होते. माझ्या मैत्रिणीने 'नाही' लिहिले. मी विचारले, "म्हणजे तुला आवडतं?" ती म्हणाली, "नाही गं, नाही आवडत, म्हणून तर 'नाही' लिहिलं." आपल्या बोलण्यात नकारार्थी वाक्याला दुजोरा देतानाही आपण 'नाही' म्हणतो. प्रश्नावलीच्या हिशेबात मात्र ती बहिर्मुख ठरली. शिवाय मोठ्या माणसाने काही विचारले की 'हो' म्हणावे, ही आपल्याकडची रीत. शिबिरात प्रश्न मोठ्याने वाचले जात होते आणि उत्तरपत्रिका शेजारणीला दिसत होती. 'मी कधीच खोटे बोलत नाही' या विधानाला आमच्या बाकावर एकीनेही नकार दिला नाही.

या शेवटच्या प्रकारची चूक निराळ्या जातीची आहे. आतापर्यंत पाहिलेली चूक कधी अधिक, कधी उणे अशी होती. पण समजा काटाच बिघडलेला आहे आणि प्रत्येक पोते दोन किलोने जास्त दाखवतो. शंभर वेळा तोलले तरी आकडे एकमेकांशी जुळतील, विश्वसनीयता उत्तम येईल, आणि तरीही प्रत्येक आकडा चूक असेल. आपण बरे दिसावे म्हणून दिलेली उत्तरे अशीच सातत्याने एका बाजूला झुकतात. म्हणून विश्वसनीयता ही पहिली पायरी झाली, शेवटची नव्हे. माप स्थिर आहे एवढेच ती सांगते. जे मोजायचे तेच मोजले का, या प्रश्नाला यथार्थता म्हणतात आणि तिची परीक्षा वेगळी करावी लागते. ब्रिटनमधील हान्स आयझेंक यांनी १९६४ साली आपल्या प्रश्नावलीत अशी खोटी शोभा ओळखण्यासाठी काही प्रश्न मुद्दाम घातले होते, ते यासाठीच.

मग करायचे काय?

एवढे वाचून कोणी म्हणेल की प्रश्नावल्या सगळ्या फेकून द्याव्यात. माझे म्हणणे तसे नाही. दोनशे माणसांच्या गटाचा अभ्यास करताना कोणाची चूक अधिक, कोणाची उणे अशी होऊन सरासरीत ती बरीचशी विरून जाते. संशोधनाला प्रश्नावलीसारखे स्वस्त आणि सोपे साधन दुसरे नाही. मानसोपचारातही पहिली चाचपणी म्हणून तिचा उपयोग होतो, कारण तिथे पुढे प्रत्यक्ष बोलणे व्हायचेच असते. अडचण येते ती एका माणसाच्या एका आकड्यावर एक निर्णय टांगला जातो तेव्हा.

म्हणून असा कागद हाती आला, तर माझ्या मित्रमैत्रिणींनी काही प्रश्न अवश्य विचारावेत. या गुणासाठी किती प्रश्न होते? विश्वसनीयता किती आहे आणि ती कोणत्या पद्धतीने, कोणत्या गटावर काढली? आकड्याबरोबर चुकीचा पट्टा का दिलेला नाही? मराठी रूप वेगळे पडताळलेले आहे का? पुन्हा भरले तर हाच आकडा येईल का? उत्तर मिळाले नाही, तर तो आकडा पेटीत ठेवण्याच्या लायकीचा नाही. आणि आपल्यापैकी जे पुढे शिक्षक होतील, मुलांच्या हातात असे कागद देतील, त्यांनी पट्टा छापल्याशिवाय आकडा देऊ नये.

दिवाळीच्या सुटीत मी बाबांना हे सगळे समजावून सांगितले. स्पिअरमन वगैरे नावे सांगितली नाहीत, मोंढ्याचेच उदाहरण दिले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मंजी त्यायनी एकच हळकुंड मोडून पाह्यलं का माय?" मी म्हटले, "दहा मोडली बाबा, पण एकाच दिवशी, आणि पोतं ओलं होतं." बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तवाच सांगायचं ना मंग. दोन वर्सं त्या कागदाला धरून बसलो आपण."

तेव्हा मला ते ठाऊक नव्हते, हे त्यांना सांगताना मला वाईट वाटले. कागद पेटीत अजून आहे. बाबा छापील कागद टाकत नाहीत. मी त्यावर ३८ च्या पुढे पेन्सिलीने '२६ ते ५०, कदाचित' एवढे लिहून ठेवले आहे. बी. ए. झाल्यावर बी. एड.चा अर्ज भरायचा असे आमच्या घरात ठरले आहे. शिकवणे मला जमेल की नाही, हे वर्गात उभे राहिल्यावर मुलेच सांगतील.